नवी फॅमिली एस्टेट गाडी घेताना लोक काय बघतात, आणि तुम्ही काय बघावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिल्टन कीन्समध्ये राहता, मुलगी पाच वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. दर उन्हाळ्यात पुण्याहून आईवडील येतात. बजेट चाळीस हजार पाउंडांच्या आत. ऑफिसातले, शेजारचे, मंडळातले सगळे एसयूव्हीच घ्या म्हणताहेत, पण तुमच्या मनात एस्टेट भरली आहे, म्हणजे सेडानसारखी बुटकी, पण छत मागेपर्यंत नेलेली आणि मोठ्या डिकीची गाडी. अशी गाडी घेणारे लोक कशाला महत्त्व देतात आणि तुम्ही कशाला द्यावं, हे तुम्हाला हवंय.

इंग्लंडमध्ये गाड्यांच्या विक्रीत माझी बरीच वर्षं गेली. आधी मिडलँड्समधल्या एका शोरूममध्ये होतो, आता कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना गाड्या निवडून देण्याचं काम करतो. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक जे विचारतं आणि तेच गिऱ्हाईक तीन-चार वर्षांनी गाडी बदलायला आल्यावर जे बोलतं, त्यात फार अंतर असतं. पहिल्या खेपेला विचारतात: डिकी किती लीटर, इंजिन किती पॉवरचं, स्क्रीन केवढी, हप्ता किती. दुसऱ्या खेपेला बोलणं निराळं असतं. बाळाला सीटमध्ये बसवून बसवून कंबर गेली. मागे आईला मधे बसावं लागायचं, तिचा पट्टाच लागत नसे. एसी कमी करायला स्क्रीनमध्ये शिरावं लागतं. टॅक्सचं कुणी सांगितलंच नव्हतं. हे उत्तर मी त्या दुसऱ्या खेपेच्या बोलण्यावरून लिहितोय, कारण पैसे त्यावरच वाया जातात किंवा सार्थकी लागतात.

आधी एसयूव्हीचा मुद्दा संपवू. उंच गाडीचे दोन फायदे खरे आहेत: म्हाताऱ्या माणसाला चढउतार सोपी जाते आणि बाळाला सीटमध्ये ठेवताना कमी वाकावं लागतं. हे दोन्ही तुमच्या घराला लागू आहेत, त्यामुळे मी ते उडवून लावणार नाही, पुढे येतोच त्यावर. बाकी बहुतेक बाबतींत त्याच किमतीची एस्टेट सरस ठरते. गाडी बुटकी म्हणून वारा कमी कापावा लागतो, वजन कमी, म्हणून तेच इंजिन एस्टेटमध्ये कमी पेट्रोल खातं. टायरही बहुधा लहान आणि स्वस्त. शिवाय तुम्ही मिल्टन कीन्सला राहता, म्हणजे दर अर्ध्या मैलावर राउंडअबाउट. उंच गाडी प्रत्येक राउंडअबाउटला जास्त कलते, आणि ते कलणं पुढच्यापेक्षा मागे बसलेल्या मुलांना जाणवतं. गाडी लागणारी मुलं असलेल्या घरांनी एसयूव्ही सोडून एस्टेट घेतल्याचं मी अनेकदा पाहिलंय आणि त्यातलं कुणी परत एसयूव्हीकडे गेल्याचं मला आठवत नाही.

आईवडिलांना ही गाडी आधी विचित्र वाटेल, त्याची तयारी ठेवा. आपल्याकडे हा प्रकार कधी रुजलाच नाही. टाटांनी १९९२ मध्ये टाटा एस्टेट आणली, २००४ मध्ये इंडिगो मरिना आणली. दोन्ही पुढे मागे पडल्या आणि घरोघरी क्वालिस, इनोव्हा, एर्टिगा आल्या. माझ्या मते त्याचं कारण सरळ आहे. आपल्या घरात गाडी घेताना माणसं किती बसतील हा पहिला प्रश्न असतो, आणि सामान कॅरियरवर बांधायची सवय असते. इकडे उलट आहे. माणसं चार, पण सामान दहा जणांचं.

आता डिकी. माहितीपत्रकातला लीटरचा आकडा साधारण असा काढतात: २०० × १०० × ५० मिलीमीटरचे, म्हणजे बरोबर एकेका लीटरचे ठोकळे डिकीत रचायचे आणि मोजायचे. ठोकळे कोपऱ्यात, चाकांच्या फुगवट्यामागे, डिकीच्या तळाच्या फळीखालच्या कप्प्यातही बसतात. तुमची सूटकेस तिथे बसत नाही. शिवाय काही कंपन्या फळीखालची जागा धरतात, काही धरत नाहीत. त्यामुळे ६२० आणि ६४० यांतल्या फरकाला व्यवहारात अर्थ नाही. ४८० आणि ६४० मधल्या फरकाला आहे.

तुमच्यासाठी खरी कसोटी म्हणजे हीथ्रोचा दिवस. आईवडील दोघं, प्रत्येकी दोन मोठ्या बॅगा, वर हातातल्या दोन. विमान कंपन्या मोठ्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून बहुधा १५८ सेंटीमीटर चालवून घेतात, म्हणजे अंदाजे ७६ × ५० × ३२. अशा चार बॅगांचं गणित केलं तर पाचशे लीटरही होत नाही, म्हणजे कुठल्याही एस्टेटमध्ये सहज मावायला हव्यात. प्रत्यक्षात आडव्या दोन शेजारी-शेजारी ठेवून त्यावर आणखी दोन ठेवल्या की थर ६४ सेंटीमीटरचा होतो. तो डिकी झाकणाऱ्या पडद्याच्या वर जातो आणि मागची काच झाकतो. त्याच बॅगा कडेवर उभ्या केल्या तर ३२ च्या तीन शेजारी, म्हणजे ९६ सेंटीमीटर. चाकांच्या फुगवट्यांमधलं अंतर एक मीटर असेल तर तीन बॅगा पडद्याखाली जेमतेम उभ्या राहतात, आणि चौथी त्यांच्या मागे आडवी लावायला डिकीची खोली एक मीटर आठ सेंटीमीटर तरी हवी. म्हणून शोरूममध्ये जाताना टेप घेऊन जा आणि तीन मापं घ्या: फुगवट्यांमधली रुंदी, सीटच्या पाठीपासून दारापर्यंतची खोली, आणि जमिनीपासून डिकीच्या ओठापर्यंतची, म्हणजे तिच्या तोंडाच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. शेवटचं माप लोक घेतच नाहीत. एस्टेटचा ओठ बहुधा साठ-पासष्ट सेंटीमीटरवर असतो, एसयूव्हीचा त्याहून बराच वर. २३ किलोची बॅग किंवा वीस किलोची तांदळाची गोणी उचलताना ते दहा-बारा सेंटीमीटर खांद्याला कळतात. डिकीचा तळ ओठाच्या पातळीला असला तर आणखी चांगलं, बॅग उचलून ठेवावी लागत नाही, सरकवता येते.

याच्यापुढच्या बारीक गोष्टी तिथेच तपासा. डिकीतून खटका ओढून मागची सीट पडते का? सीट ६०:४० मध्ये पडते की ४०:२०:४० मध्ये? दोन मुलांच्या सीट लावलेल्या असताना मधला तुकडा एकटा पाडता आला तर लांब वस्तू मधून जाते, नाहीतर एका मुलाची सीट काढावी लागते. मंडळाच्या गणपतीचं सामान, मखराच्या पट्ट्या नेणाऱ्यांना हे लगेच पटेल. वरचा गुंडाळणारा पडदा काढला तर तो ठेवायचा कुठे? काही गाड्यांत फळीखाली त्याची खास जागा असते, बाकीच्यांत तो गराजमध्ये पडून राहतो. डिकी आणि सीट यांच्यामध्ये ओढून वर अडकवायची जाळी मिळते का? ती घ्याच. पडद्याच्या वर सामान रचलं आणि जोरात ब्रेक लागला की ते सगळं मुलांच्या डोक्यावर येतं. जाळीला फार पैसे पडत नाहीत, आणि माझ्या गिऱ्हाइकांत ती मागणारे अगदी थोडे असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मात्र गाडीची निवड खरी ठरते ती मागच्या सीटवर. शोरूममध्ये नवरा पुढे बसून स्टेअरिंग धरतो, बायको शेजारी बसते, मागे कुणी बसूनच बघत नाही. तुम्ही उलट करा. दोन्ही मुलांच्या सीट बरोबर न्या आणि स्वतः लावा, सेल्समनला लावू देऊ नका. इथल्या कायद्याने मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटीमीटर उंच होईपर्यंत (यातलं जे आधी होईल ते) त्याला सीट लागते, म्हणजे तुमच्याकडे पुढची बरीच वर्षं दोन सीट गाडीत असणारच. धाकट्याची सीट नव्या आर-१२९ नियमातली असेल तर तो पंधरा महिन्यांचा होईपर्यंत पाठमोराच बसला पाहिजे, आणि बरेच आईबाप आता त्यानंतरही काही वर्षं तसंच ठेवतात. ते चांगलंच आहे. पण पाठमोरी सीट लांबीला जागा खाते. ती डाव्या बाजूला, फुटपाथकडच्या दाराशी लावा, आणि मग पुढच्या डाव्या सीटवर तुमच्यातलं जे उंच असेल त्याने बसून बघा. गुडघे डॅशबोर्डला टेकत असतील तर ती गाडी तिथेच सोडा, बाकी कितीही आवडली तरी. टोयोटा कोरोला टूरिंग स्पोर्ट्समध्ये मागे पायांना जागा बेताची आहे, स्कोडा ऑक्टाव्हियात बरीच जास्त, आणि स्कोडा सुपर्बमध्ये इतकी की पाठमोऱ्या सीटचा प्रश्नच उरत नाही.

मग मधली जागा. मुलांच्या सीट साधारण ४४ सेंटीमीटर रुंद असतात. दोन लावल्या की मध्यम आकाराच्या एस्टेटमध्ये मधे जे उरतं त्यात मोठं माणूस तिरकं बसतं. त्यातच खाली गाडीच्या तळाचा मधला उंचवटा, त्यामुळे पाय दोन्हीकडे टाकावे लागतात. आणि बेल्टचं बकल बहुतेक वेळा शेजारच्या सीटच्या बुडाखाली गेलेलं असतं. आईला तिथे बसवून पट्टा लावून बघणं हीच परीक्षा. आई अजून पुण्यात असेल तर तिच्याच अंगाची, तशाच गुडघ्यांची एखादी ओळखीची मावशी बरोबर न्या. संकोच वाटेल, पण शोरूमवाल्यांना यात काही वावगं वाटत नाही. तिला आधी दारातून आत-बाहेर करायला सांगा. एस्टेटची सीट खाली असते, उठताना गुडघ्यावर भार येतो, आणि आत शिरताना दाराची वरची कड डोक्याला लागते का ते बघा. दाराच्या वर हाताला धरायला कडी आहे का बघा. काही गाड्यांतून ती काढून टाकली आहे. हे सगळं तिला खरंच जड जात असेल, तर एसयूव्ही घ्यायला तेवढं एक कारण मला पुरेसं वाटतं.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. आईवडील दोघं आले की तुम्ही सहा जण. एस्टेटमध्ये पाच पट्टे. इथे प्रत्येकाला स्वतंत्र पट्टा हवा, मांडीवर मूल घेऊन बसणं चालत नाही. पट्टा न लावल्याबद्दल पाचशे पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दंड सोडाच, तसं करायचंच नाही. व्हिजिटर व्हिसावर ते सहा महिन्यांपर्यंत राहू शकतात, पण त्यातले किती दिवस सगळे सहा जण एकत्र गाडीतून जाता, हे गेल्या वर्षीच्या फोटोंवरून मोजा. बहुतेक घरांत ते आठ-दहाच्या वर जात नाहीत. एरवी एक जण कामावर असतो, मुलगी शाळेत असते. मग तेवढ्या दिवसांसाठी सात सीटची गाडी भाड्याने घेणं स्वस्त पडतं. वर्षभर सात सीटची गाडी पाळली तर तिसरी रांग उघडल्यावर डिकी जवळजवळ संपते हेही लक्षात ठेवा. डेशिया जॉगर ही एस्टेटसारखी दिसणारी सात सीटची स्वस्त गाडी आहे, तिची डिकी सातही सीट उभ्या असताना १६० लीटर उरते. तिला युरो एनकॅपने, म्हणजे गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने, २०२१ मध्ये पाचपैकी एकच तारा दिला होता. लहान मुलांच्या घराला मी ती सुचवत नाही. पण तुमच्याकडे सहा जणांचे दिवस आठवड्यातून दोनदा येत असतील, तर एस्टेटचा हट्ट सोडा आणि नीट सात सीटची गाडीच बघा.

वडील इथे गाडी चालवत असतील तर: भारतीय लायसन्सवर पाहुण्याला बारा महिने चालवता येते. अडचण लायसन्सची नसते, विम्याची असते. त्यांचं नाव वर्षभराच्या पॉलिसीत घालण्याऐवजी तेवढ्या काळापुरता वेगळा विमा मिळतो का, आणि तुमची गाडी त्यात बसते का, हे गाडी घेण्याआधी विचारा. जास्त पॉवरच्या गाडीला हा विमा महाग पडतो किंवा मिळतच नाही.

लांबी. इथली पार्किंगची नेहमीची चौकट २.४ बाय ४.८ मीटरची. ऑक्टाव्हिया एस्टेट ४.६९ मीटर, कोरोला टूरिंग स्पोर्ट्स ४.६५, प्यूजो ३०८ एसडब्ल्यू ४.६४. या आत मावतात. सुपर्ब एस्टेट ४.९० आणि फोक्सवॅगन पसाट ४.९२, या बाहेर डोकावतात. त्यातही मागे भिंत असेल आणि गाडी रिव्हर्सने लावलीत तर डिकीचं दार उघडायला जागा राहत नाही, सामान भरायला गाडी पुढे घ्यावी लागते. घरासमोरच्या जागेचं मापही काढून ठेवा. सुपर्ब आवडून घेतलेल्या आणि मग रोज फुटपाथवर शेपूट काढून उभी करणाऱ्या घरांना मी ओळखतो.

बटणांबद्दल माझं मत ठाम आहे. एसी, काच पुसायचे वायपर, काचेवरची वाफ घालवणं, आवाज, ही कामं न बघता हाताने करता आली पाहिजेत. मागे बाळ रडत असताना, पावसात, एम-वन मोटरवेवर स्क्रीनमध्ये मेनू शोधणं धोक्याचं आहे. सुपर्ब आणि पसाट या सख्ख्या बहिणी, दोन्ही ब्रातिस्लाव्हाच्या एकाच कारखान्यात बनतात, दोघींची डिकी ६९० लीटरची. तरी सुपर्बला एसी आणि आवाजासाठी फिरवायची तीन खरी बटणं दिली आहेत, पसाटमध्ये ते सगळं स्क्रीनवर आणि तिच्याखालच्या स्पर्शपट्टीवर. याच एका कारणावरून मी सुपर्ब निवडेन. कोरोलालाही एसीची वेगळी बटणं आहेत. ऑक्टाव्हियात बरंचसं स्क्रीनवर गेलं आहे, ते मला खटकतं. टेस्ट ड्राइव्हला निघण्याआधी दहा मिनिटं उभ्या गाडीतच ती हाताळून बघा. आणखी एक: नव्या गाड्या वेगमर्यादा ओलांडली की पी-पी करतात, आणि बऱ्याच गाड्यांत हे दर वेळी गाडी चालू केल्यावर नव्याने बंद करावं लागतं. ते एका दाबात बंद होतं की चार, हे सेल्समनला करून दाखवायला सांगा. लहान वाटतं, पण रोज सकाळी शाळेला निघताना करायचं आहे.

इंजिनाचं लवकर आटोपतो. शाळा, दुकान, स्टेशन असाच बहुतेक वापर असेल तर डिझेल घेऊ नका. त्याच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला मोटरवेवरचा लांब पल्ला लागतो, तो मिळाला नाही तर तुंबतो आणि खर्चात पाडतो. साधं पेट्रोल किंवा चार्जिंगला न जोडता चालणारं हायब्रिड तुम्हाला पुरेल. प्लग-इन हायब्रिड घरी चार्जिंग असेल आणि तुम्ही रोज नेमाने लावणार असाल तरच घ्या, आणि डिकी किती कमी होते ते आधी बघा. सुपर्बची ६९० ची ५१० होते, ३०८ एसडब्ल्यूची ६०८ ची ५४८. इलेक्ट्रिक एस्टेट आता मिळतात: फोक्सवॅगन आयडी.७ टूररची डिकी ६०५ लीटरची आहे, पण ती रोखीने घेतली तर तुमच्या बजेटबाहेर जाते. ऑफिसात पगारातून कापून गाडी देण्याची योजना असेल तर गणित पालटतं, कारण इलेक्ट्रिकवरचा कंपनी-गाडीचा कर फार कमी आहे, २०२५-२६ ला तो कंपनीच्या यादीतल्या किमतीच्या फक्त ३ टक्के रकमेवर लागत होता. मात्र स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर आधी एचआरला लेखी विचारा. या योजनेत कागदावरचा पगार खाली येतो आणि व्हिसाच्या किमान पगाराशी त्याचा संबंध आहे.

आता पैसे. इथे लोक हप्ता बघतात आणि बाकीचं विसरतात. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, चाळीस हजारांची रेघ. पेट्रोल, डिझेल किंवा हायब्रिड गाडीची यादीतली किंमत £४०,००० च्या वर गेली की दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं रोड टॅक्सवर अधिभार लागतो. २०२५-२६ चा दर वर्षाला £४२५ होता, म्हणजे त्या दराने पाच वर्षांचे £२,१२५, आणि हे त्या वर्षीच्या नेहमीच्या £१९५ च्या वर. इथे तुम्ही प्रत्यक्ष किती दिले ते बघत नाहीत, यादीतली किंमत बघतात, आणि त्यात रंग, टोबार, पॅनोरॅमिक छत असे कारखान्यातले ज्यादा पर्यायही धरतात. डीलरने तीन हजारांची सूट देऊन गाडी ३८ ला दिली तरी यादीत ती ४१ ची असेल तर अधिभार आहेच. तुमचं बजेट नेमकं या रेघेवर आहे, म्हणून सांगतो: एका मेटॅलिक रंगापायी रेघ ओलांडू नका.

दुसरी, पीसीपी, म्हणजे हप्त्यांवर गाडी घ्यायचा इथला नेहमीचा करार. सुरुवातीला थोडे पैसे, मग तीन-चार वर्षं हप्ते, आणि शेवटी गाडी ठेवायची असेल तर एक मोठी रक्कम. हप्ता कमी दिसतो कारण ती मोठी रक्कम शेवटी ढकललेली असते. त्यात मैलांची मर्यादा असते, वर गेलात तर मैलामागे पैसे. हीथ्रोच्या खेपा, लेस्टर आणि वेम्बलीची खरेदी, उन्हाळ्यात आईवडिलांना स्कॉटलंड दाखवणं हे सगळं धरून मैल सांगा, कमी सांगून हप्ता खाली आणू नका.

तिसरी गोष्ट आपल्या लोकांना विशेष लागू आहे. कॉव्हेंट्री-गेडनकडे जग्वार लँड रोव्हरसाठी पुण्याहून आलेल्या कितीतरी घरांना मी गाड्या दिल्या आहेत, आणि त्यातली बरीच मधेच परत गेली किंवा नोकरी बदलून जर्मनीला गेली. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याने पीसीपी मधेच संपवून गाडी परत करता येते, पण एकूण देय रकमेच्या निम्मे पैसे भरलेले असले पाहिजेत. त्या एकूण रकमेत शेवटची मोठी रक्कमही धरतात, त्यामुळे चार वर्षांच्या करारात निम्म्याचा टप्पा बहुधा शेवटच्या वर्षात येतो. दोन वर्षांत परत जायची शक्यता दिसत असेल तर चार वर्षांचा करार करू नका. व्हिसा कमी उरला असेल तर काही वित्तकंपन्या तसाही लांबचा करार देत नाहीत.

वॉरंटी नावावर जाऊ नका, वाचा. स्कोडाची तीन वर्षं किंवा ६०,००० मैल. किआची सात वर्षं किंवा १,००,००० मैल. टोयोटाची मूळ तीन वर्षं, पण दर वर्षी त्यांच्याकडे सर्व्हिस केली की पुढच्या सर्व्हिसपर्यंत वाढत जाते, दहा वर्षं किंवा १,००,००० मैलांपर्यंत. गाडी तीन वर्षांत बदलणार असाल तर याला किंमत नाही; आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर टोयोटाच्या बाजूने हा फार मोठा मुद्दा आहे. एस्टेट घेणारे लोक गाडी लांब ठेवतात असा माझा अनुभव आहे. तीच तीच गाडी, नवं मॉडेल आलं की घेतात.

निवडही आता तुटपुंजी होत चालली आहे. फोर्डने मॉन्डिओ २०२२ मध्ये थांबवली, फोकस २०२५ मध्ये. पसाट तर नव्या पिढीत फक्त एस्टेटच मिळते, साधी सेडान नाही, एवढाच काय तो उलटा प्रवास.

तर तुम्हाला माझा सल्ला. आधी ऑक्टाव्हिया एस्टेट बघा, पेट्रोल, मधली ट्रिम (म्हणजे सोयीसुविधांची मधली पातळी). डिकी ६४० लीटर, मागे पायांना भरपूर जागा, चौकटीत मावते, चाळीसच्या खूप आत राहते, आणि मुलांची सीट लावताना दार चांगलं रुंद उघडतं. स्क्रीनचा त्रास सोडला तर तुमच्या घराला ती सगळ्यांत चपखल बसते. त्यानंतर कोरोला टूरिंग स्पोर्ट्स बघा, १.८ चं हायब्रिड, डिकी ५९६ लीटर. गाडी डर्बीशरच्या बर्नस्टनला बनते, पेट्रोलला फार काटकसरी. तिच्यात पाठमोऱ्या सीटसमोर तुमचे गुडघे मावले आणि आईला मागे अवघडल्यासारखं झालं नाही, तर ऑक्टाव्हियापेक्षा मी तीच घेईन, दहा वर्षांच्या हिशोबाने. सुपर्ब फक्त घरासमोर पाच मीटर जागा असेल तर, आणि साध्या पेट्रोलची, खालच्या ट्रिमची, म्हणजे रेघेच्या आत राहील. ३०८ एसडब्ल्यू दिसायला देखणी आहे, पण मागची जागा कमी आणि छोटं स्टेअरिंग सगळ्यांना मानवत नाही; चालवून बघा, आवडली तर माझी हरकत नाही.

टेस्ट ड्राइव्ह शनिवारी नको, आठवड्यात मधल्या दिवशी घ्या, आणि तासाभराची मागा. मुलांच्या सीट, बाबागाडी, एक मोठी सूटकेस आणि टेप बरोबर असू द्या. गाडी मुलीच्या शाळेपर्यंत न्या, तिथल्या अरुंद जागेत लावा, आणि शेजारी गाडी उभी असताना धाकट्याला आत-बाहेर करून बघा. नव्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरचा सालाचा आकडा १ मार्च आणि १ सप्टेंबरला बदलतो, त्याच्या आधीच्या पंधरवड्यात शिल्लक गाड्यांवर सूट बरी मिळते. आईवडील मेमध्ये येणार असतील तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात भाव करायला बसा, आणि भाव हप्त्यावर नाही, गाडीच्या पूर्ण किमतीवर करा. जाळी आणि स्टेपनी त्याच बैठकीत मागून घ्या. सही झाल्यावर त्या फुकट मिळत नाहीत.